नदी उजव्या हाताला

फिल्म करायची असं समितीच्या बैठकीत ठरलं तेव्हा विरोधात मी एकटीच होते. नावेत बसून गाणारे, नावेत बसून चित्रं काढणारे, पाण्यावर कठपुतळ्यांचे खेळ करणारे, आणि दुसऱ्या नावांत बसून हे सगळं पाहणारे लोक, असा आमचा नर्मदेवरचा उपक्रम. जबलपूरचा माणूस थंडीत घाटावर तसाही येतोच, त्याला बोलवायला फिल्म कशाला, असं माझं म्हणणं होतं. पण अध्यक्षांना बाहेरगावचे कलावंत हवे होते, आणि ते म्हणे आधी मोबाइलवर काहीतरी पाहिल्याशिवाय जागचे हलत नाहीत. "दीदी, जमाना देखने का है," अध्यक्ष म्हणाले आणि विषय संपला. जो विरोध करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हा नियम सगळ्या समित्यांमध्ये सारखा. मी सचिव, केंद्र सरकारच्या कचेरीत सारी नोकरी टिपणं लिहिण्यात घालवलेली. समितीचं कार्यालय म्हणजे महाराजपूरच्या आमच्या घरातली पुढची खोली. तेव्हा दिग्दर्शक शोधणं, त्याला काय हवं ते समजावणं आणि त्याने केलेल्या कामाला होकार देणं, सगळं माझ्याकडे आलं.

घरात आम्ही दोघी, आई आणि मी. पण 'दोघी' म्हटलेलं आईला चालत नाही, ती 'तिघी' म्हणते. माझी थोरली बहीण शाळेतून निवृत्त झाली आणि त्याच वर्षी देवदिवाळीनंतर नर्मदा परिक्रमेला निघाली, ती परतलेली नाही. मी तिला ताई म्हणते, आई म्हणते मोठी. ती ग्वारीघाटाहून निघाली, म्हणजे आमच्या बाजूच्या, उत्तरेच्या काठावरून. परिक्रमेचा दंडक साधा असतो. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. ती काठाकाठाने अमरकंटकला गेली, उगमाला वळसा घातला आणि दक्षिणेच्या काठाने परत खाली आली. त्या वाटेवर आपलं गाव समोरच्या तीरावर दिसतं, पण यायची सोय नसते. आईचे गुडघे असे की पलीकडे ती उतरली होती त्या आश्रमापर्यंत चालणं अशक्य. म्हणून मी आईला तिलवारा घाटावर नेऊन खुर्चीत बसवलं, आणि ठरल्याप्रमाणे ताई समोरच्या काठावर येऊन उभी राहिली. पांढरी साडी, खांद्यावर झोळी, हातात काठी. तिने हात वर केला. अंगठ्याएवढी दिसत होती, पण आई ती वळणाआड होईपर्यंत पाहत राहिली.

नंतर एकदा गुजरातच्या अलीकडून तिचा फोन आला. पाय ठीक आहेत, काळजी करू नका, आईला औषध वेळेवर दे. मग फोन बंदच. मी पोलिसांत गेले, आश्रमांना फोन केले, परिक्रमा करून आलेल्या अनोळखी लोकांच्या घरी जाऊन फोटो दाखवले. कोणी म्हणे मौन घेतलं असेल, कोणी म्हणे एखाद्या आश्रमात रमली असेल, आणि जे काहीच म्हणत नसत त्यांची मला जास्त भीती वाटे. मला ताईचा राग येत होता. अजूनही येतो. आपण देवाच्या वाटेला लागायचं आणि मागच्यांना या वाटेला लावायचं, याला काय म्हणावं? आईचं मात्र एकच उत्तर. "परिक्रमा करून राहिली ती. वेळ लागते." याच काळात कांचघर मोहल्ल्यातलं आमचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं आणि आम्हाला महाराजपूरला यावं लागलं. आई तेव्हा माझ्याशी कित्येक दिवस बोलली नव्हती.

दिग्दर्शक नागपूरचा मिळाला. तरुण, पायापासून डोक्यापर्यंत काळे कपडे, पण बोलायला नम्र. आईच्या हातचा वडाभात दोनदा मागून घेतला तेव्हाच त्याचं काम पक्कं झालं होतं. त्याला थंडीतली सकाळ हवी होती, पाण्यावर धुकं हवं होतं, आणि काठ रिकामा हवा होता. "मॅडम, काठावर एक टॉवेल वाळत असला न, तरी फिल्म गेली समजा," तो म्हणाला. तेव्हा काठ रिकामा करण्याचं काम माझं. तिलवारा घाटावर आंघोळीला आलेल्यांना मी वरच्या पायऱ्यांच्याही मागे, भिंतीआड थांबवलं. माझा आवाज असा आहे की लोक ऐकतात, नंतर शिव्या देत असतील ते वेगळं. एक कुत्रं तेवढं राहिलं होतं, तेही उठून गेलं. मग नावेत प्रेक्षक कमी पडतात म्हणून मला शाल पांघरून गाणाऱ्यांच्या मागे बसवलं. कॅमेरा दुसऱ्या नावेत, भर पाण्यात, घाटाकडे तोंड करून. आमची नाव मधून धारेबरोबर जायची.

त्या सकाळी मी सारा वेळ काठाकडेच पाहत होते. कोणी मध्ये आलं तर ओरडायचं, या एकाच कामासाठी मी डोळे ताणून बसले होते. धुकं पाण्यापासून जरा वर उचललेलं होतं, त्याखालून पायऱ्या दिसत होत्या, घाटाच्या टोकाचं छोटं देऊळ दिसत होतं. कोणीही नव्हतं. एवढंच आठवतं की मध्येच आमच्या नावाड्याने वल्हं थांबवलं, घाटाकडे पाहून हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात "नर्मदे हर" म्हणाला. वाटेत परिक्रमावासी भेटला की इकडे तसं म्हणतात. मी विचारलं, किसको बोला भैया? तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ऐसे ही दीदी. आदत है." थंडी होती, म्हणून मी शाल आणखी ओढून घेतली.

फिल्मचा पहिला कच्चा जोड दिग्दर्शकाने पाठवला तो महिनाभराने, एका दुपारी. मोबाइलवर आईला दिसणार नाही म्हणून मी तो टीव्हीला जोडला. आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले, तिला आता माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. सुरुवातीला रंगाने माखलेले हात, मग कठपुतळ्यांचे चेहरे, मग धुक्यातून येणारी आमची नाव. गाणं छान लागलं होतं. मी मनातल्या मनात अध्यक्षांना शरण जायच्या बेतात होते.

"थांबव," आई म्हणाली.

मी थांबवलं. "काय झालं?"

"मागे घे थोडं. तिथे, काठावर."

मी मागे घेतलं. नावेच्या पलीकडे, रिकाम्या काठावर, धुक्याच्या खाली एक बाई चालत होती. पांढरी साडी, खांद्यावर झोळी, काठी. अंगठ्याएवढी.

"मोठी आहे," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, अशा शंभर बाया चालतात काठावर. पण माझाच आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. तो काठ मी स्वतः रिकामा केला होता. आणि ती चाल, उजवा पाय किंचित बाहेर टाकण्याची... नाही, चित्रात तो डावा होता. म्हणून मी स्वतःला समजावलं की ही दुसरी कोणीतरी आहे.

आई खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेली. काचेला हात न लावता, अगदी जवळून तिने पाहिलं. मग हळूच विचारलं, "नदी डाव्या हाताला काहून आहे तिच्या?"

मी पाहिलं. बाई पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालली होती, आणि पाणी तिच्या डाव्या हाताला होतं. परिक्रमेतला माणूस तसा चालत नाही. कधीच नाही. तहान लागली, वाट चुकली, ताप चढला, तरी नाही.

"उलटं कोण चालते माहीत आहे न तुला?" आई म्हणाली. बाबांच्या वेळी आम्ही दोघींनी स्मशानातल्या व्हरांड्यातून पाहिलं होतं. सरणाभोवती फिरतात ते उलटे फिरतात. आई परत येऊन खुर्चीत बसली, पदर नीट केला, आणि भाजीचं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "देहाशिवाय दिवस करतात काय ते विचार कोणाला तरी. मला नाही माहीत. आपल्याकडे कोणाचं तसं झालं नाही."

एवढ्या दिवसांत ती हे कधी बोलली नव्हती. शेजारणींनी सुचवलं तर त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावत असे. मला इतकी भीती कधीच वाटलेली नव्हती. ताई गेली असेल, हे मी मनातून धरूनच चालले होते. पण ती येणारच हे आई धरून बसली आहे, या भरवशावर.

आई आत जाऊन पडली. मी टीव्हीसमोर बसून तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. काठ ओळखीचा होता आणि कुठला ते सांगता येत नव्हतं. पायऱ्या पाहिल्यासारख्या, देऊळ पाहिल्यासारखं, पण जागा चुकलेली. आपल्याच घरात कोणीतरी सामान हलवून ठेवावं तसं. मग नावेतल्या गाणाऱ्यांच्या मागे मला मी दिसले. शालीतून साडीचा पदर दिसत होता, आणि तो उजव्या खांद्यावर होता. मी जन्मात उजव्या खांद्यावर पदर घेतलेला नाही. मनगटावरचं घड्याळही उजव्या हाताला. काठावर चालणारी ती जशी उलटी, तशी नावेत बसलेली मीही उलटीच होते. त्या क्षणी मला वाटलं की आपणही तिकडचेच झालो, फक्त अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी दिग्दर्शकाला फोन लावला.

"अच्छा ते! उलटवला मी तो शॉट, मॅडम," तो सहज म्हणाला. "आरशात दिसते न, तसा. तुमची नाव उजवीकडून डावीकडे जाऊन राहिली होती. पडद्यावर पुढे जाणारी गोष्ट डावीकडून उजवीकडे गेली पाहिजे, नाही तर मागे चालल्यासारखी वाटते. आम्ही नेहमीच करतो. नदीला काय, दोन्हीकडून सारखीच."

नदीला काय! मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा ऐकून घेत राहिला. शेवटी मी विचारलं, ती काठावरची बाई कोण?

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो. मी कॅमेऱ्यातूनच पाहून राहिलो होतो. तेव्हा कोणी नव्हतं. बाकी कोणत्याच टेकमध्ये नाही ती. तुम्ही म्हणाल तर साफ करून टाकतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, माणूस होता हे कळणारही नाही."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "मूळचा शॉट पाठव, जसा घेतला तसा."

तो आला तेव्हा मी आईला उठवलं. आता सगळं जागच्या जागी होतं. आमचा तिलवारा घाट, पायऱ्या, टोकाचं देऊळ, डाव्या खांद्यावर पदर घेतलेली मी. आणि ताई, होय, आता मी तिला ताईच म्हणत होते, डावीकडून उजवीकडे चालली होती. उजवा पाय किंचित बाहेर टाकत, नदी उजव्या हाताला ठेवून. देवळापर्यंत आली, देवळाआड गेली. दुसऱ्या बाजूने बाहेर येईल म्हणून आम्ही थांबलो, पण शॉट संपेपर्यंत कोणी बाहेर आलं नाही.

"बरोबर चालून राहिली," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "आपल्याच काठावर आहे. ग्वारीघाटाकडे तोंड आहे तिचं. म्हणजे पूर्ण करून आली ती."

मीही हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. मग आमच्या दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं. तिलवाऱ्याहून ग्वारीघाट लांब नाही. त्या सकाळी जी बाई तिलवाऱ्याला होती, ती त्याच दिवशी पोचणार. ग्वारीघाटाला पोचली की परिक्रमा संपली, आणि परिक्रमा संपली की माणूस घरी येतं. महिना उलटून गेला होता.

"घरी गेली असेल," आई सावकाश म्हणाली. "पण तिला हे घर कुठे माहीत आहे?"

मी कांचघरला गेले. आमच्या जुन्या घराला कुलूप होतं, नव्या मालकाने अजून कोणाला ठेवलं नव्हतं. समोरच्या काकूंना आम्ही भिंतीला भिंत लागल्यासारख्या ओळखतो. त्यांनी चहा ठेवला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, थंडीत कोणी आमच्याकडे आलं होतं का?

त्या आठवून म्हणाल्या, "हां, एक दिन कोई आई तो थी. वही, परकम्मावाली. तुम्हारे फाटक पर खड़ी थी. साड़ी घुटनों तक गीली. मैंने पूछा किससे मिलना है, तो बोली कुछ नहीं, बस खिड़की देख रही थी. मुझे लगा सीधा माँगने आई है. मैं अंदर गई आटा-दाल लेने. लौटी तो नहीं थी."

"चेहरा?" मी विचारलं.

"धूप पीछे से आ रही थी, बेटा. चेहरा कहाँ दिखा."

काकूंनी ताईला वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यांनी ओळखलं नाही, म्हणजे ती ताई नव्हती, असं मी रिक्षात बसून स्वतःला सांगितलं. मग ओली साडी कोणाची? ग्वारीघाटाहून कांचघरपर्यंत चालत येताना साडी वाळत नाही का? उन्हातही? मी घरी येऊन आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं ते मला ठरवता येईना.

आईने ऐकून घेतलं. ती घाबरली नाही. "कढाई करायची राहिली तिची," एवढंच म्हणाली. परिक्रमा पूर्ण झाली की नदीला शिऱ्याचा नैवेद्य करतात, मुलींना जेवू घालतात, ती कढाई. "इथे आली की करू. तू आधी तिला पत्ता कळव."

"कसा कळवू, आई?"

"तू फिल्म करून राहिली न?" आई म्हणाली. "त्यात घाल."

म्हणून आमच्या फिल्मच्या शेवटी पत्ता आला. माझं चुकलं असं मला वाटत नाही. समितीचं कार्यालय खरोखरच आमच्या घरात आहे, आणि प्रचाराच्या फिल्ममध्ये पत्ता असतोच. फक्त तो इतक्या मोठ्या अक्षरांत नसतो, आणि गल्लीच्या तोंडाशी कोणतं झाड आहे, फाटकाचा रंग कोणता, हे नसतं. तेही मराठीत. अध्यक्ष म्हणाले, "दीदी, फिल्म हमारी है कि आपके घर की?" मी म्हटलं, बाहेरच्या कलावंतांना घर सापडायला नको का? आणि तो शॉट? तो मी उलटवू दिला नाही. नाव मागे चालल्यासारखी वाटते, असं दिग्दर्शक शेवटपर्यंत म्हणत होता. वाटू दे, मी म्हटलं. नाव कुठेही जाऊ दे.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती तिलवारा घाटावरच, दिवेलागणीला. आमच्या उपक्रमात प्रेक्षक पाण्यावर, म्हणून पडदा पायऱ्यांवर लावलेला, नदीकडे तोंड करून. लोक नावांमध्ये. आईसाठी मी पडद्याच्या बाजूला, कडेच्या पायरीवर खुर्ची ठेवली होती. मागच्या वेळी ठेवली होती तिथेच. शेजारी लॅपटॉप घेऊन दिग्दर्शक बसला होता.

फिल्म सुरू झाली. काठावरची बाई आली, नदी उजव्या हाताला ठेवून चालत गेली, देवळाआड झाली. नावांतून कोणी काही म्हटलं नाही. तिला कोणी पाहिलं की नाही कोण जाणे. मी आईकडे वळून पाहिलं. आई पडद्याकडे पाहतच नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती, नावांच्याही पलीकडे, जिथे धुकं पुन्हा खाली उतरायला लागलं होतं.

शेवटी आमचा पत्ता आला. अक्षरांचा उजेड पायऱ्यांवरून पाण्यात उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दिग्दर्शकाने पडदा विझवायला हात पुढे केला.

आईने त्याचा हात धरला.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "चष्मा घरीच विसरून गेली ती. तिला वाचायला वेळ लागते."